वाचकांचे प्रश्न : लाल जर्सी, चोवीस नावं आणि एक मशाल

गेल्या अंकात माँट्रियल कॅनेडियन्स या बर्फावरच्या हॉकी संघाचं एक छायाचित्र छापलं होतं. ते पाहून लष्कर, मुरार, शिंदे की छावणी या भागांतून पत्रं आली. ग्वाल्हेरच्या अनेक घरांतली मुलं-नातवंडं आता कॅनडात आहेत, शिवाय हॉकी या शब्दाशी आपल्या शहराचं नातं जुनं आहे, त्यामुळे प्रश्न नेमके होते. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

जावयाने माँट्रियलहून लाल जर्सी आणली आहे. छातीवर मोठा ‘सी’ आणि त्याच्या पोटात ‘एच’. शेजारी म्हणतात, एच म्हणजे ‘हॅबिटंट’, खेडूत शेतकरी. मुलगा म्हणतो हॉकी. कोण बरोबर? आणि हा संघ काढला कोणी? (दौलतगंज)

मुलगा बरोबर आहे. संघाचं फ्रेंच नाव ‘क्लब द हॉकी कॅनेडियन’, त्यातली ही दोन अक्षरं. आधी ‘सी’च्या पोटात ‘ए’ असायचा, कारण नावात हॉकीऐवजी ‘अ‍ॅथलेटिक’ होतं. १९१७ मध्ये ‘ए’ गेला आणि ‘एच’ आला. शेजाऱ्यांची गोष्ट मात्र हवेतली नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे चालक टेक्स रिकर्ड यांनी १९२४ मध्ये एका वार्ताहराला सांगितलं की हा एच ‘हॅबिटंट’चा. माहिती चुकीची होती, पण टोपणनाव लोकांना आवडलं. ‘हॅब्ज’ हे लाडकं नाव आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे, त्यामुळे शेजाऱ्यांशी वाद घालू नका.

संघाची स्थापना ४ डिसेंबर १९०९ ची. खाणउद्योगातले आंब्रोझ ओब्रायन यांनी पैसा घातला. ते स्वतः इंग्रजी बोलणारे, पण संघ काढला तो शहरातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी. त्या काळी ‘कॅनेडियन’ म्हटलं की फ्रेंच भाषक असाच अर्थ घेत, नावाचं मूळ तिथे आहे. पहिला सामना ५ जानेवारी १९१० रोजी ज्युबिली रिंकवर (रिंक म्हणजे बर्फाचं मैदान) झाला. कोबाल्ट सिल्व्हर किंग्जला जादा वेळेत ७–६ असं हरवलं. आज हा संघ ज्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळतो, ती २६ नोव्हेंबर १९१७ ला जन्मली. थोडक्यात, संघ लीगपेक्षा आठ वर्षांनी मोठा.

२४ वेळा स्टॅन्ली कप जिंकला असं वाचलं. मग २४ कप ठेवले कुठे? (जिवाजीगंज)

कप एकच आहे, दरवर्षी नवा मिळत नाही. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये चांदीचा एक वाडगा दिला आणि १८९३ पासून तो फिरतो आहे. जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूंची नावं खालच्या रुंद पट्ट्यांवर कोरतात. एका पट्ट्यावर १३ विजेते मावतात. सगळे पट्टे भरले की सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत जुना पट्टा काढून टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये ठेवतात आणि खाली कोरा पट्टा बसवतात. त्यामुळे कपाची उंची वाढत नाही. ती सुमारे ८९ सेंटिमीटर आहे आणि वजन साडेपंधरा किलो. मूळ वाडगाही आता हॉल ऑफ फेममध्येच असतो.

कॅनेडियन्सचा पहिला कप १९१६ चा, लीग जन्मण्याआधीचा. १९५६ ते १९६० सलग पाच, १९७६ ते १९७९ सलग चार, आणि शेवटचा १९९३ चा. त्या १९९३ च्या बाद फेरीत त्यांनी जादा वेळेत गेलेले सलग दहा सामने जिंकले होते.

एक नोंद मुद्दाम सांगायला हवी. १९१९ ची अंतिम मालिका सिअ‍ॅटलला होती. पाच सामने झाले, दोन कॅनेडियन्सनी जिंकले, दोन यजमान संघाने, एक बरोबरीत. तेवढ्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने कॅनेडियन्सचे खेळाडू अंथरुणाला खिळले आणि निर्णायक सामना रद्द झाला. बचावपटू जो हॉल ५ एप्रिलला तिथेच वारला. कपावर त्या वर्षी दोन्ही संघांची नावं आहेत आणि खाली ‘मालिका अपूर्ण’ असे शब्द.

मी दर्पण मैदानावर गोलकीपरचा सराव करते. बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर पूर्वी उघड्या तोंडाने उभे राहत असं प्रशिक्षकांनी सांगितलं. हे कसं शक्य होतं? बदल कधी झाला? (मुरार)

आधी तुझ्या ओळखीचे आकडे. तुझा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. बर्फावर चेंडू नसतो, पक असतो: कडक रबराची चकती, ७.६ सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाड, १५६ ते १७० ग्रॅम. म्हणजे वजन जवळजवळ सारखंच. पक सामन्याआधी गोठवून ठेवतात, कारण गरम रबर बर्फावर उसळ्या मारतं. तुझा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, त्यांचा फक्त १.८३ बाय १.२२. गोल लहान असल्यामुळे गोलकीपर जवळजवळ सगळी जागा अंगाने झाकतो, आणि त्यामुळेच अंगावर येणारे फटके जास्त. पूर्वी खालून सरपटत येणारे फटके अधिक असत, म्हणून तोंड उघडं ठेवून निभत होतं. निभत होतं म्हणजे टाके पडत, दात जात, आणि माणूस परत येऊन उभा राही.

१९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्ट या गोलकीपरने नाक मोडल्यावर काही दिवस चामड्याचा मुखवटा घातला होता, पण त्यातून खालचं दिसेना, म्हणून सोडून दिला. खरा बदल कॅनेडियन्सच्या झाक प्लांतने केला. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर तो सरावात फायबरग्लासचा मुखवटा घालू लागला होता. प्रशिक्षक टो ब्लेक सामन्यात घालू देत नसत. मुखवट्याने पायाजवळचा पक दिसणार नाही आणि घालणाऱ्याला लोक भित्रा म्हणतील, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती.

१ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. रेंजर्स संघाच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांतच्या तोंडावर बसला आणि नाकापासून ओठापर्यंत कापलं. तेव्हा संघ दुसरा गोलकीपर सोबत नेत नसत. टाके घालेपर्यंत खेळ थांबला. प्लांतने सांगितलं, मुखवटा घालू दिलात तरच परत जातो. ब्लेकपुढे दुसरा मार्ग नव्हता. कॅनेडियन्स ३–१ जिंकले आणि पुढचे अनेक सामने हरले नाहीत. मार्च १९६० मध्ये ब्लेकच्या आग्रहावरून एक सामना मुखवट्याशिवाय खेळून पाहिला, तो ३–० ने गेला. त्यानंतर विषय संपला.

त्या मुखवट्यात एक दोष होता, तो तुझ्या उपयोगाचा आहे. तो चेहऱ्याला चिकटून बसे. कापणं थांबे, पण फटक्याचा धक्का सरळ हाडाला जाई. आजच्या हेल्मेटमध्ये चेहरा आणि जाळी यांत मोकळी जागा ठेवलेली असते आणि धक्का कपाळाच्या आणि हनुवटीच्या गाद्यांवर वाटला जातो. म्हणून हेल्मेट घेताना हनुवटीचा पट्टा आवळून डोकं जोरात हलव. हेल्मेट डोक्यामागून अर्धा सेकंदही उशिरा हललं, तर ते मोठं आहे. आतला फोम बोटाने दाबून परत फुगत नसेल किंवा कवचाला केसाएवढी चीर असेल, तर ते सरावालाही वापरू नको.

बर्फावरच्या हॉकीत दोन मिनिटांसाठी बाहेर काढलेला खेळाडू विरुद्ध संघाने गोल करताच परत येतो. आपल्याकडे हिरवं कार्ड मिळालं की दोन मिनिटं पूर्ण भरावीच लागतात. हा फरक का? (नया बाजार, पत्रलेखक अनेक वर्षं हॉकीचे पंच होते)

त्यांच्याकडेही १९५६ पर्यंत आपल्यासारखाच नियम होता. तो बदलला तो याच संघामुळे. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बॉस्टनचे दोन खेळाडू शिक्षेवर बाहेर बसले असताना कॅनेडियन्सच्या जाँ बेलिव्होने ४४ सेकंदांत तीन गोल केले. त्या वर्षी कॅनेडियन्सकडे एक माणूस जास्त असला की बर्फावर बेलिव्हो, मॉरिस रिशार, जेफ्रिओन आणि मागे डग हार्वी असे एकत्र उभे राहत. हार्वी पक घेऊन घाई करत नसे. समोरचा बचावपटू पुढे सरकेपर्यंत थांबे आणि त्याने सोडलेल्या जागेत पक देई. एका किरकोळ शिक्षेची किंमत दोन-तीन गोल होऊ लागली. पुढच्या मोसमाआधी लीगने ठरवलं की दोन मिनिटांच्या शिक्षेत एक गोल झाला की खेळाडू परत येईल. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते. पाच बाजूने, एक विरुद्ध. विरुद्ध कोण हे सांगायला नको. पाच मिनिटांची मोठी शिक्षा मात्र आजही पूर्ण भरावी लागते, कितीही गोल होवोत.

एका संघाच्या कौशल्यामुळे नियमपुस्तकाचं पान बदलावं, यापेक्षा मोठा मान आम्हाला सुचत नाही. कपापेक्षाही.

१९५५ मध्ये एका खेळाडूवरच्या बंदीमुळे शहरात दंगल झाली म्हणतात. खेळासाठी एवढं? (शिंदे की छावणी)

खेळासाठी एवढं होत नाही, आणि तेव्हाही नुसतं खेळासाठी झालं नव्हतं. मॉरिस रिशार, टोपणनाव ‘रॉकेट’, जर्सी क्रमांक ९. १९४४–४५ च्या मोसमात त्याने ५० सामन्यांत ५० गोल केले होते, जे आधी कोणाला जमलं नव्हतं. बाप यंत्रशाळेत कामगार, स्वतः कारखान्यात काम केलेला, सुरुवातीला इंग्रजी फारसं न येणारा. माँट्रियलमध्ये बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे आणि कारखाने, बँका, वरच्या खुर्च्या इंग्रजी बोलणाऱ्यांकडे. फ्रेंच माणसाला रिशार हा आपला वाटे, जो कोणापुढे मान खाली घालत नाही.

१३ मार्च १९५५ ला बॉस्टनमध्ये एका खेळाडूची काठी त्याच्या डोक्याला लागली, रक्त आलं. रिशारने उलट काठीने मारलं, आणि अडवणाऱ्या लाइन्समनला ठोसे लगावले. हे गंभीर होतं, शिक्षा व्हायलाच हवी होती. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल यांनी १६ तारखेला उरलेल्या मोसमासाठी आणि संपूर्ण बाद फेरीसाठी बंदी घातली. दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, माँट्रियलच्या फोरम या रिंकमध्ये डेट्रॉइटशी सामना होता आणि कॅम्बेल स्वतः पाहायला येऊन बसले. पहिल्या भागानंतर डेट्रॉइट ४–१ ने पुढे. प्रेक्षक कॅम्बेल यांच्यावर टोमॅटो, अंडी फेकू लागले, मग अश्रुधुराची नळकांडी फुटली, सामना थांबवून डेट्रॉइटला बहाल केला, आणि बाहेर सेंट कॅथरीन रस्त्यावर रात्रभर काचा फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारने रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं. शिक्षा मी भोगतो, पुढच्या वर्षी परत येऊन कप जिंकीन, असं तो बोलला. लोक थांबले.

यातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. रिशार तेव्हा लीगमधल्या खेळाडूंच्या गुणतक्त्यात (गोलाला एक गुण, गोलासाठी दिलेल्या पासलाही एक) पहिला होता, ७४ गुणांवर. बंदीमुळे तो तिथेच थांबला आणि त्याचा सहकारी जेफ्रिओन ७५ वर गेला. स्वतःच्याच मैदानात, स्वतःच्याच संघासाठी गोल केल्याबद्दल जेफ्रिओनची हुर्यो झाली. रिशारला गुणतक्त्याचा तो मान पुढे कधीच मिळाला नाही. त्या वर्षी अंतिम मालिका डेट्रॉइटने सात सामन्यांत जिंकली. पण पुढच्या वर्षीपासून सलग पाच कप आले, आणि त्यांतल्या शेवटच्या चार वेळा कप्तान रिशार होता.

क्वीबेकमध्ये १९६० नंतर भाषा, शिक्षण आणि नोकऱ्यांबाबत जे मोठे बदल झाले, त्यांची पहिली चाहूल अनेकजण त्या रात्रीत पाहतात. दंगलीनेच ते घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण २००० साली रिशार वारला तेव्हा क्वीबेकने त्याला सरकारी इतमामाने निरोप दिला. एखाद्या खेळाडूच्या वाट्याला हे क्वचितच येतं.

खेळाडूचा क्रमांक ‘निवृत्त’ करतात म्हणजे नक्की काय करतात? (कंपू)

तो क्रमांक त्या संघात पुन्हा कोणालाही देत नाहीत आणि त्याचा मोठा कापडी पट्टा रिंकच्या छताला टांगतात. आपल्याकडे २०२४ मध्ये हॉकी इंडियाने श्रीजेशची १६ नंबरची जर्सी वरिष्ठ संघापुरती अशीच बाजूला ठेवली. एनएचएलमध्ये पहिला मान १९३४ मध्ये टोरंटोच्या एस बेलीला. कॅनेडियन्सचा पहिला क्रमांक ७, हॉवी मोरेंझचा. २८ जानेवारी १९३७ ला त्याचा स्केट, म्हणजे पातं लावलेला बूट, कडेच्या फळीत अडकला, पाय मोडला, आणि ८ मार्चला रुग्णालयात तो वारला. अंत्ययात्रा फोरममधूनच निघाली. शवपेटी बर्फाच्या मध्यभागी ठेवली होती आणि रोज ओरडणारे हजारो लोक गप्प बसून होते. त्याच वर्षी ७ क्रमांक बंद झाला.

आज कॅनेडियन्सचे १५ क्रमांक बंद आहेत, पण मान १८ खेळाडूंना आहे. कारण ५, १२ आणि १६ हे आकडे प्रत्येकी दोघांच्या नावे आहेत. याची व्यावहारिक अडचणही आहे. १ ते २० मधले आता फक्त ८ आकडे उरलेत: ६, ८, ११, १३, १४, १५, १७ आणि २०. शिवाय महान खेळाडू वेन ग्रेट्स्कीचा ९९ साऱ्या लीगमध्येच बंद. त्यामुळे नव्या पोरांच्या पाठीवर सत्तर-ऐंशीतले आकडे दिसले तर चकित होऊ नका.

हॉकीपटूचं नाव असं जपणं ग्वाल्हेरला नवं नाही. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४–१ च्या सामन्यात एकट्याने दहा गोल करणारे कॅप्टन रूपसिंह इथलेच झाले, आणि शहराच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे.

मशालीची प्रथा काय आहे? ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर कविता असते हे खरं का? (दाल बाजार)

खरं आहे. डॉ. जॉन मॅक्रे हे कॅनडाच्या सैन्यातले डॉक्टर, माँट्रियललाच काम केलेले. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये त्यांनी पडलेल्या सैनिकांच्या तोंडून एक कविता लिहिली. त्यातल्या दोन ओळी, ‘आमच्या गळणाऱ्या हातांतून मशाल तुमच्याकडे टाकतो आहोत, ती उंच धरणं आता तुमचं काम’ अशा अर्थाच्या, व्यवस्थापक फ्रँक सेल्की यांनी १९५२ मध्ये खोलीच्या भिंतीवर लिहून घेतल्या. एकीकडे इंग्रजीत, दुसरीकडे फ्रेंचमध्ये. खाली संघाच्या थोर खेळाडूंचे चेहरे. नवा मुलगा पहिल्या दिवशी बूट बांधायला बसतो तेव्हा समोर रिशार, बेलिव्हो, प्लांत त्याच्याकडे पाहत असतात.

ही कविता प्रत्यक्षात उतरली ११ मार्च १९९६ ला. फोरम १९२४ चं. ते मुळात दुसऱ्या संघासाठी बांधलं होतं, पण उद्घाटनाच्या दिवशी कॅनेडियन्स खेळले, कारण त्यांच्या स्वतःच्या रिंकचा बर्फ तयार नव्हता. फोरममधल्या त्या शेवटच्या सामन्यात डॅलसला ४–१ हरवल्यावर दिवे मंद केले. जुने कप्तान एकापाठोपाठ बर्फावर आले. पेटती मशाल सर्वांत ज्येष्ठ एमिल बुशार यांच्या हातात होती. त्यांनी ती रिशारला दिली, रिशारने बेलिव्होला, आणि तशीच हातोहात ती त्या वेळचा कप्तान पियेर टर्जनकडे आली. रिशारचं नाव पुकारल्यावर टाळ्या सुमारे दहा मिनिटं थांबल्या नाहीत. त्याने हात वर केला, थांबा म्हणून खूण केली, डोळे पुसले, टाळ्या चालूच. मैदानात असे अनेक होते ज्यांनी त्याला खेळताना पाहिलंच नव्हतं. पाच दिवसांनी, १६ मार्चला, नवीन रिंकमध्ये पहिला सामना झाला. त्याचंच नाव आज बेल सेंटर.

या संघाच्या प्रथांमध्ये आम्हाला जे मोलाचं वाटतं ते हे, की जवळजवळ प्रत्येकीला तारीख आहे आणि कारण आहे. कोणाचा पाय मोडला, कोणाचा ओठ फाटला, कोणाचा बर्फ गोठला नाही.

नातू माँट्रियलला आहे, वय आठ. जावई म्हणतात, अंगणातच रिंक करतो. हे घरी होतं? काय काळजी घ्यायची? (मुरार, पत्रलेखिका आजी आहेत)

होतं, आजी, तिथे हजारो घरांत होतं. आधी मोठ्या रिंकचं सांगतो म्हणजे तत्त्व कळेल. एनएचएलचा रिंक २०० फूट बाय ८५ फूट. काँक्रीटच्या लादीत नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांतून शून्याखाली थंड केलेलं खारं पाणी किंवा ग्लायकॉल फिरतं. लादीवर पाण्याचे पातळ थर फवारतात, मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा, आणि वर पुन्हा थर, एकूण जाडी साधारण इंचभर. त्याला सुमारे ४० हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे आपल्याकडचे दहा हजार लिटरचे चार टँकर. प्रत्येक भागानंतर जी गाडी फिरते ती आधी पात्याने बर्फ तासते, मग चरे धुते आणि शेवटी फडक्यातून गरम पाणी पसरते. गरम का? गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं.

आता अंगण.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उतार. दोरी आणि लेव्हल लावून मोजा. एका टोकाला जमीन १५ सेंटिमीटर खाली असेल, तर तिथे पाणी तेवढं जास्त खोल राहणार. ते उशिरा गोठतं आणि त्याच्या दाबाने कडेने उभ्या केलेल्या फळ्या फुटतात. खोल बाजूच्या फळ्यांना बाहेरून दर चार फुटांवर खुंटीचा आधार द्या. आत एकसंध पांढरा प्लास्टिकचा कागद अंथरा. जोड नको. गडद रंग तर अजिबात नको, तो ऊन धरतो आणि बर्फ खालून वितळतो. कागद अंथरण्याआधी काटक्या, खडे वेचा. कागद आधी ताणून फळीला ठोकू नका. पाण्याने तो तळाशी बसू द्या, नंतर ठोका, नाहीतर कोपऱ्यात फाटतो.

घाई इथे नडते. तीन-चार दिवस सलग दिवसाही शून्याच्या बऱ्याच खाली तापमान राहणार असा अंदाज दिसल्यावरच पाणी सोडा. सर्वांत उथळ जागी ८ ते १० सेंटिमीटर पाणी एकाच वेळी भरा आणि तळापर्यंत गोठेपर्यंत कोणालाही वर जाऊ देऊ नका. एका कोपऱ्यात छिद्र पाडून पाहिलं की कळतं. मधेच बर्फ पडला तर तो अर्धवट गोठलेल्या पाण्यावर बसून खरखरीत साल धरतो. शक्य तितक्या लवकर लांब दांड्याच्या झाडूने हलकेच सारा.

नंतरचे थर पातळ, दोन-तीन मिलिमीटरचे, रात्री, आधी झाडून. जाड थर एकदम ओतला तर वरची पापडी आधी गोठते, खाली पोकळी राहते, आणि स्केट त्यात घुसून मूल तोंडावर पडतं. अशी पोकळी सापडली तर ती फोडून काढा, बर्फ आणि पाण्याचा घट्ट लगदा भरा, फावड्याने थोपटा आणि वर पातळ पाणी घाला. जावयांना एक गोष्ट नक्की सांगा. पाणी घालून झालं की बाहेरच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह बंद करून नळी रिकामी करायची. नळीत पाणी राहिलं तर ते गोठून पाइप फुटतो आणि दुरुस्तीचा खर्च रिंकपेक्षा मोठा होतो.

नातवाला हेल्मेट पहिल्या दिवसापासून. स्केट बुटाच्याच मापाचे किंवा एक माप लहान, मोठे कधीच नाहीत. वाढतं पाऊल म्हणून मोठे घेतले तर घोटा आत मुडपतो आणि मूल शिकतच नाही. आणि अंगण जमलं नाही तर निराश होऊ नका, माँट्रियलमध्ये महानगरपालिका बागांमधून मोफत रिंक करते.

मार्चमध्ये मुलीकडे जातो आहोत, सामना पाहायचा आहे. कुठे बसावं? आणि इथून पाहायचा तर किती वाजता? (बाळाबाईचा बाजार)

काचेजवळची तिकिटं महाग असतात आणि पहिल्या खेपेला उपयोगाची नाहीत. जवळचा कोपरा दिसत नाही आणि खेळ उभा-आडवा कळत नाही. वरच्या मजल्यावर, मधल्या लाल रेषेच्या समोर बसा. पक शोधत राहू नका, खेळाडूंचे खांदे कुठे वळतात ते पाहा, पक तिकडेच असतो. दर ४०–५० सेकंदांनी खेळाडू खेळ चालू असतानाच बदलतात. आत थंडी असते, कोट अंगावर राहू द्या. मेट्रोने ल्युसियँ-लालिए किंवा बोनाव्हेंचर स्थानकावर उतरा, तिथून आतल्या आत रस्ता आहे. घोषणा आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत होतात. कोणी तिसरा गोल केला की लोक टोप्या बर्फावर फेकतात. ती हॅटट्रिकची दाद आहे, भांडण नव्हे.

इथून पाहायचं तर तिथले संध्याकाळी ७ म्हणजे नोव्हेंबर ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३०. त्यानंतर तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, मग ४:३०. राष्ट्रगीत वगैरे धरून पहिला पक साधारण सात-आठ मिनिटं उशिराच पडतो, तेव्हा चहा ठेवायला तेवढा वेळ मिळतो.